वॉल्टर डँडी : कण्यातील जलमार्गाचा शोधक

कंबरदुखीने बेजार झालेला माणूस आज अमेरिकेत डॉक्टरांकडे गेला, की बहुधा केव्हातरी एमआरआयची चित्रे त्याच्या हाती येतात. मणके, त्यांच्यामधल्या चकत्या, मज्जारज्जू आणि त्याभोवतीचे पाणी असे सारे त्यांत स्वच्छ दिसते. शंभर वर्षांपूर्वी क्ष-किरणांच्या चित्रात यांपैकी मणके तेवढे दिसत. मणक्यांच्या आतली पोकळी अंधारातच राही. त्या अंधारात वाट काढणाऱ्यांपैकी एक अग्रणी म्हणजे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील वॉल्टर एडवर्ड डँडी हे शल्यविशारद. त्यांचे नाव मेंदूच्या शस्त्रक्रियेशी कायमचे जोडले गेले आहे. परंतु त्यांच्या संशोधनाचे सूत्र मेंदूपासून कमरेपर्यंत वाहणाऱ्या एका जलमार्गात आहे.

डँडी यांचा जन्म ६ एप्रिल १८८६ रोजी मिसुरी राज्यातील सेडेलिया या रेल्वेच्या गावी झाला. वडील इंग्लंडहून आणि आई आयर्लंडहून अमेरिकेत आलेली. वडील आगगाडीचे इंजिन चालवीत. स्थलांतरित कष्टकरी घरातला हा एकुलता एक मुलगा अभ्यासात विलक्षण हुशार निघाला. मिसुरी विद्यापीठातून १९०७ मध्ये पदवी घेऊन तो जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात थेट दुसऱ्या वर्षाला दाखल झाला आणि १९१० मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, डॉक्टर झाला.

पुढचे वर्ष त्यांनी तेथील हंटेरियन प्रयोगशाळेत हार्वे कुशिंग यांच्या हाताखाली काढले. कुशिंग हे अमेरिकेतील मेंदूच्या शस्त्रक्रियेचे आद्य पुरुष मानले जातात. गुरू करारी आणि शिष्यही तितकाच मानी. दोघांचे पटले नाही. १९१२ मध्ये कुशिंग हार्वर्डला गेले, तेव्हा त्यांनी डँडी यांना बरोबर नेले नाही. हा घाव खोल होता. मात्र बाल्टिमोरमध्येच राहिल्यामुळे डँडी यांना स्वतःचा प्रश्न सापडला.

तो प्रश्न होता जलशीर्ष या विकाराचा. या विकारात तान्ह्या मुलांच्या मेंदूत पाणी साठून डोके वाढत जाते. हे पाणी कोठे निर्माण होते, कोठे वाहते आणि कोठे अडते, याविषयी त्या वेळी पुरेसे निश्चित ज्ञान नव्हते. हा प्रश्न समजून घेण्यासाठी शरीराची घडण ध्यानात घ्यावी लागते. गर्भाच्या चौथ्या आठवड्यात त्याच्या पाठीवरची एक खाच मिटून तिची नळी बनते. त्या नळीचे वरचे टोक फुगून मेंदू होतो आणि आतली पोकळी चार विवरांच्या रूपाने उरते. बाकीच्या नळीपासून मज्जारज्जू घडतो. पुढे मणक्यांच्या कमानी एकाखाली एक रचल्या जाऊन मज्जारज्जूभोवती हाडांची नलिका तयार होते. गर्भावस्थेच्या तिसऱ्या महिन्यात मज्जारज्जू ही नलिका जवळजवळ तळापर्यंत व्यापतो. नंतर हाडे अधिक वेगाने वाढतात आणि प्रौढपणी तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली घोड्याच्या शेपटीसारखा मज्जातंतूंचा झुबका आणि पाणी एवढेच असते. म्हणून तेथे सुई घातली तरी मज्जारज्जूला धोका पोचत नाही. जर्मनीतील कील येथे हाइनरिख क्विंके यांनी १८९१ मध्ये हीच वाट वापरून कमरेतून पाणी काढण्याची पद्धत रूढ केली. हे पाणी म्हणजे मस्तिष्क-मेरुद्रव. प्रौढ माणसात तो एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतो, पण रोज सुमारे अर्धा लिटर नवा तयार होतो आणि तितकाच रक्तात शोषला जातो.

बालरोगतज्ज्ञ केनेथ ब्लॅकफॅन यांच्या साहाय्याने डँडी यांनी या प्रवाहाचा माग काढला. कुत्र्याच्या मेंदूतील विवरांना जोडणारी अरुंद वाट त्यांनी बंद केली, तेव्हा वरची विवरे पाण्याने फुगली. मुलांच्या बाबतीत त्यांनी विवरात रंगद्रव्य सोडले आणि ते कमरेतल्या पाण्यात उतरते का, हे पाहिले. काही मुलांत रंग थोड्याच मिनिटांत खाली दिसला, तर काहींत तो वरच अडकून राहिला. म्हणजे जलशीर्षाचे दोन प्रकार होते : एकात विवरांतून बाहेर पडण्याची वाटच बंद असते, तर दुसऱ्यात वाट मोकळी असूनही पाणी पुरेसे शोषले जात नाही. १९१३ आणि १९१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनातील भेद आजही उपचार ठरवताना उपयोगी पडतो.

प्रवाह कळला, तरी विवरांचा आकार दिसत नव्हता. पोटाच्या क्ष-किरण चित्रात आतड्यांतला वायू काळा उमटतो, हे सर्वांच्या परिचयाचे होते. मग विवरातले पाणी काढून तेथे हवा भरली तर? १९१८ मध्ये डँडी यांनी ते करून दाखवले. गाठीमुळे दबलेले किंवा बाजूला सरकलेले विवर चित्रात दिसू लागले आणि कवटी उघडण्यापूर्वीच गाठीची जागा ठरवता येऊ लागली. पण त्यासाठी प्रौढांच्या कवटीला भोक पाडावे लागे. १९१९ मध्ये त्यांनी कण्याची वाट वापरली. कमरेतून थोडे पाणी काढायचे आणि तेवढीच हवा आत सोडायची. हलकी हवा कण्याच्या नलिकेतून वर चढत मेंदूपर्यंत पोचे. ती वाटेत थबकली, तर तेथे अडथळा असल्याचेही कळू शके.

या शोधाची किंमत रुग्ण मोजत होते. हवा भरल्यावर असह्य डोकेदुखी आणि उलट्या होत. काहींच्या जिवालाही धोका पोचे. तरीही पुढची पन्नासएक वर्षे ही तपासणी टिकली, कारण तिच्यामुळे अनेकांच्या गाठी वेळेवर सापडल्या.

१९२९ मध्ये डँडी यांनी दोन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. दोघांच्या कण्यात गाठ असावी अशी लक्षणे होती. प्रत्यक्षात दोन मणक्यांमधल्या चकतीचा सुटलेला तुकडा नलिकेत शिरून मज्जातंतूंना दाबत होता. तो काढताच रुग्ण सुधारले. त्या काळी असे तुकडे कूर्चेच्या गाठी समजले जात. डँडी यांचा लेख मात्र फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही. १९३४ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी अधिक रुग्णांच्या आधारे फाटलेली चकती आणि पायात उतरणारी कळ यांचा संबंध ठामपणे मांडला. आपण ज्याला स्लिप डिस्क म्हणतो, त्या विकाराच्या इतिहासात त्यांचीच नावे प्रामुख्याने घेतली जातात.

श्रेयाचा हा हिशेब डँडी यांच्या बाबतीत दोन्ही अंगांनी पाहावा लागतो. १९२२ मध्ये त्यांनी श्रवणतंतूवरील गाठ समूळ काढण्याच्या शस्त्रक्रियेची टिपणी प्रसिद्ध केली, तेव्हा तीत आपल्या कामाचा उल्लेख नाही म्हणून कुशिंग संतापले होते. दोघांमधली दरी पुढे बुजली नाही.

चकतीचा प्रश्न डँडी यांनी सोडला नाही. नलिकेत आयोडीनयुक्त तेल सोडून चित्र काढण्याची पद्धत तेव्हा रूढ होती. ते तेल वर्षानुवर्षे आत राही. १९४१ मध्ये डँडी यांनी फाटलेल्या चकतीच्या निदानासाठी असे पदार्थ वापरणे थांबवावे, असा आग्रह धरला. रुग्णाची हकीकत नीट ऐकली आणि त्याला काळजीपूर्वक तपासले, की निदान होते, असे त्यांचे मत होते. हवेची चित्रे काढण्याची पद्धत देणाऱ्यानेच हे म्हणावे, याचे अनेकांना नवल वाटले आणि सर्वांना ते पटलेही नाही.

शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी डँडी तापट होते. साहाय्यकांना त्यांचा धाक वाटे. पण शिक्षक, धर्मोपदेशक आणि गरीब रुग्णांकडून ते पैसे घेत नसत. प्रसंगी स्वतःच्या खिशातून मदत करीत. १९२३ मध्ये त्यांनी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवर अहोरात्र लक्ष ठेवण्यासाठी तीन खाटांचा स्वतंत्र कक्ष सुरू केला. आजच्या अतिदक्षता विभागाचे ते आरंभीचे रूप मानले जाते. १९३७ मध्ये मेंदूतील फुगलेल्या रक्तवाहिनीच्या मुळाशी चिमटा बसवून त्यांनी आणखी एक नवी वाट उघडली.

१९ एप्रिल १९४६ रोजी, साठी पूर्ण होऊन जेमतेम दोन आठवडे झाले असताना, हृदयविकाराने बाल्टिमोरमध्ये त्यांचे निधन झाले. १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला, पाठोपाठ एमआरआय आला आणि हवा भरण्याची यातनामय तपासणी बंद पडली. ती गेल्याचे दुःख कोणालाच नाही. मात्र चित्रे सुलभ झाल्यावर एक नवा पेच उभा राहिला आहे : काहीही दुखत नसलेल्या पुष्कळ माणसांच्या एमआरआयमध्येही चकती बाहेर आलेली दिसते. ती दुखण्याचे कारण आहे की नाही, हे ठरवायला आजही रुग्णाची हकीकत ऐकावी लागते आणि त्याचे पाय, स्नायू, संवेदना हाताने तपासाव्या लागतात. डँडी यांचा १९४१ मधला आग्रह एवढ्यापुरता तरी अजून लागू आहे.