रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकर

ग्रंथालयाच्या शंभर वर्षांचा आढावा घेताना हरिभाऊ आपटे, फडके, खांडेकर यांचे स्मरण साहजिकच होते. परंतु कधी पुस्तक हाती न धरणाऱ्यालाही ज्यांनी वाचनाची गोडी लावली, त्या लेखकांची वाङ्मयेतिहासात क्वचितच नोंद सापडते. बाबूराव अर्नाळकर हे अशा लेखकांचे अग्रणी होत.

त्यांचे मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, जन्म १९०६चा. सन १९३०च्या कायदेभंगाच्या चळवळीत त्यांनी कारावास पत्करला. पुढे मुंबईत चष्म्यांचा व्यवसाय सांभाळून ते लेखनाकडे वळले. १९४२ साली त्यांची ‘चौकटची राणी’ प्रसिद्ध झाली. एडगर वॉलेस या इंग्रज लेखकाच्या कथेवर ती बेतलेली होती. त्यानंतर त्यांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. चाळीस वर्षांवर विभागल्या तरी महिन्याला दोन पडतात!

धनंजय आणि छोटू ही जोडी होम्स-वॉटसनच्या कुळातील. झुंजार आणि काळा पहाड यांची जात मात्र निराळी. कायद्याच्या हाती न लागणाऱ्या धनदांडग्या दुर्जनांना ते परस्पर शासन करीत. अमेरिकन वकील-लेखक अर्ल स्टॅन्ली गार्डनर यांचा पेरी मेसन भर न्यायालयात उलटतपासणी करून निर्दोष अशिलाला सोडवतो. अर्नाळकरांचे नायक न्यायालयाची पायरी चढण्यापूर्वीच निकाल लावतात. महायुद्धकालीन टंचाई आणि काळाबाजार अनुभवणाऱ्या वाचकाला या न्यायाचे समाधान वाटले असल्यास नवल नाही. आजच्या वाचकाने मात्र त्या समाधानापाशी थोडे थांबावे. ज्या न्यायात आरोपीची बाजू ऐकलीच जात नाही, तो आपल्याला इतका का रुचतो, हा प्रश्न अद्याप जुना झालेला नाही.

या लेखनाचे दोष उघड आहेत. पात्रे ठरावीक, योगायोग फार, उसनवारीही पुष्कळ. तथापि सोपे, धावते मराठी गद्य आणि पान उलटावयास लावणारी उत्कंठा हे गुणही त्यातलेच. १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असलेल्या आपल्या हुबळी-धारवाडच्या वाचकाला अर्नाळकरांची मुंबई परकी नव्हती. कन्नडमध्ये एन. नरसिंहय्या यांच्या हेरकथांनी वाचक घडविले. मराठीत ते कार्य अर्नाळकरांनी केले.

४ जुलै १९९६ रोजी, वयाच्या नव्वदीत, ते निवर्तले. पुढे त्यांच्या निवडक कथा पुन्हा छापल्या गेल्या. पण बहुसंख्य कथा स्वस्त कागदावरील त्या जुन्या पुस्तिकांतच राहिल्या. हाताळून फाटलेले पुस्तक प्रथम बाद होते, हा ग्रंथालयांचा नेहमीचा व्यवहार. वस्तुतः फाटलेले पुस्तक हीच त्याच्या वाचकप्रियतेची पावती असते. सभासदांच्या घरी अशा प्रती असतील, तर त्या रद्दीत न घालता ग्रंथालयाच्या स्वाधीन कराव्यात. ज्याने वाचक दिले, त्याला कपाटातील एक फळी देणे हे आपले ऋण आहे.