मजूरमंत्री बाबासाहेब आणि नाक्यावरचा कामगार

देहूरोडच्या धम्मभूमीवर २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. तेथे वंदनेला येणाऱ्यांत पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातले कामगार आपल्याला नेहमी भेटतात. त्यांच्यासाठी मजूरमंत्री बाबासाहेबांची आठवण महत्त्वाची आहे.

परळच्या चाळीत बाबासाहेब वर्षानुवर्षे गिरणी कामगारांच्या शेजारी राहिले. कापडगिरण्यांतले जास्त मजुरीचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते. १९२८ च्या संपात त्यांनी हा प्रश्न लावून धरला. त्याच वर्षी मुंबई कायदे मंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाची भरपगारी रजा मिळावी, अशी बाजू त्यांनी मांडली. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्या काळात १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकरांकडे कामगार आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम दिले गेले. १९४४ मध्ये कोळसा खाणकामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. १९४६ मध्ये कारखान्यांत आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आली आणि किमान वेतनाचे विधेयकही मांडले गेले. आडारकरांच्या योजनेतूनच पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला. कामगार आणि मालक दोघांनी वर्गणी भरायची आणि आजारपणात, अपघातात कामगाराला उपचार व पैसे हक्काने मिळायचे, हे त्याचे सूत्र.

पण सुरुवातीला तो वीस किंवा अधिक कामगारांच्या, बारमाही चालणाऱ्या, यंत्रशक्तीवरच्या कारखान्यांपुरताच होता. पुढे व्याप्ती वाढली. ठेकेदाराच्या कामगाराची वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारीही कायद्याने मूळ मालकावर टाकली. तरी मजूर अड्ड्यावर रोज उभा राहणारा बिगारी, धुणीभांडी करणारी ताई, भंगार वेचणारी मावशी यांना या विम्याचे कार्ड नाही. रोज मालक बदलतो, मग वर्गणी कोणी भरायची? पाय मोडला की मजुरी बुडते आणि दवाखान्याचे कर्ज होते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली सामाजिक सुरक्षा संहिता असंघटितांसाठी योजना आखायला सांगते. पण ई-श्रम कार्ड ही नोंदणी आहे, विमा नव्हे. हक्काचा विमा मिळेपर्यंत मागणी सोडायची नाही. तोवर वस्तीतल्या प्रत्येकाची नोंदणी आणि ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांची विमा कपात आपण विहारातूनच तपासू शकतो. बाबासाहेबांनी सुरू केलेले हे काम अजून अर्धेच झाले आहे.

जय भीम!