स्वामी रामानंद तीर्थ : अंबाजोगाईचे संन्यासी शिक्षक

संन्यासी म्हटले की संसाराप्रमाणेच समाजापासूनही दूर गेलेला मनुष्य आपल्या डोळ्यांपुढे येतो. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईला शिक्षक म्हणून आलेल्या एका संन्याशाचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत. ते मात्र समाजाच्या अधिकच जवळ गेले.

व्यंकटेश भवानराव खेडगीकर यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. तरुणपणी कामगार नेते ना. म. जोशी यांचे सचिव असताना श्रमिकांची हलाखी त्यांनी जवळून पाहिली. पुढे हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत ते मुख्याध्यापक झाले. संन्यास घेऊन त्यांनी रामानंद तीर्थ हे नाव धारण केले. अध्यापन सोडले नाही. १९३५ मध्ये ते सहकाऱ्यांसह अंबाजोगाईला आले व योगेश्वरी विद्यालयाची धुरा त्यांनी सांभाळली.

त्या वेळी मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कचेरीची भाषा उर्दू, १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. मराठी शेतकऱ्याच्या मुलाला शिकायचे तर घरात न बोलली जाणारी भाषा आधी आत्मसात करावी लागे. ज्याला ते जमले नाही, त्याला स्वतःच्या जमिनीचा कागदही दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. शिवाय संस्थानातील सुमारे ४० टक्के जमीन जहागीरदारांकडे व निजामाच्या खाजगी मालकीत होती. आमच्या मते स्वामीजींचे मोठेपण येथेच आहे : अज्ञान व दारिद्र्य ही दोन वेगळी दुखणी आहेत असे त्यांनी मानले नाही.

म्हणूनच १९३८ मध्ये शाळा सोडून ते स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले. वारंवार तुरुंगवास घडला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. १९४९ मध्ये जहागिरी संपुष्टात आल्या, १९५० मध्ये कूळ कायदा झाला. कसणाऱ्याला जमीन मिळावी यासाठी स्वामीजींनी स्वपक्षातील नेत्यांशीही मतभेद पत्करले. १९५२ व १९५७ मध्ये ते लोकसभेवर निवडून गेले. तरीही हे काम अपुरेच राहिले, हे सांगितले पाहिजे. कायद्याने कुळांना आधार मिळाला. ज्याच्याकडे कसायलाही जमीन नव्हती, त्या मजुराच्या पदरी फारसे काही पडले नाही. बीडमधून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी कुटुंबे आपण पाहतोच. आईवडिलांबरोबर फडावर गेलेल्या मुलाची शाळा आजही अर्ध्यावर तुटते.

स्वामीजींचे निधन २२ जानेवारी १९७२ रोजी झाले. पुढे १९७४ मध्ये अंबाजोगाईत सुरू झालेले शासकीय ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय त्यांच्या नावाने ओळखले जाते.