सात हजारांचे तारण

बँकेत कर्जखाते मी बरीच वर्षे सांभाळले. तारण म्हणून माणसे काय काय घेऊन येत! दागिने, जमिनीचे उतारे, विम्याची पॉलिसी. पण दुसऱ्याचा मुलगा परदेशी कुस्ती खेळायला जावा म्हणून राहते घर गहाण टाकणारा कर्जदार माझ्या टेबलासमोर कधी बसला नाही. असा गृहस्थ आमच्या कोल्हापुरात होऊन गेला. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर. आणि तो विद्यार्थी म्हणजे खाशाबा जाधव.

खाशाबा कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, जन्म १९२६चा. वडील दादासाहेब पैलवान. कॉलेजात आले तेव्हा अंगाने इतके किरकोळ, की वार्षिक स्पर्धेत त्यांना कोणी घेईना. ते थेट प्राचार्यांकडे गेले. परवानगी मिळाली आणि भल्याभल्यांना त्यांनी अस्मान दाखवले. आडदांड ताकद नव्हती, चपळाई होती. ढाक मारून समोरच्याला आपटणे हा हुकमी डाव.

१९४८च्या लंडन ऑलिंपिकचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. लाल मातीत घडलेला हा मल्ल तिथे गादीवर लढला आणि तरीही सहावा आला. मग चार वर्षे मेहनत. हेलसिंकीची वेळ आली तेव्हा संस्थान विलीन झालेले, सरकारी मदत पुरेशी नाही. गावाने वर्गणी काढली. तरी तूट राहिली. तेव्हा खर्डेकरांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. बँकवाल्याच्या नजरेने पाहिले तर शुद्ध वेडेपणा!

जुलै १९५२मध्ये खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको, जर्मनीचे मल्ल हरवले. जपानच्या इशीकडून आणि रशियाच्या मामेदबेकोव्हकडून मात्र हार पत्करावी लागली. या दोन कुस्त्यांमध्ये नियमाप्रमाणे विश्रांती मिळायला हवी होती. ती मागायला एकही भारतीय अधिकारी तिथे नव्हता. तरी कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी १९९६ उजाडावे लागले.

कऱ्हाडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. १९५५मध्ये ते पोलीस उपनिरीक्षक झाले. पुढे सहायक आयुक्तपदापर्यंत पोचले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. इतका उशीर कशासाठी, हे मला आजही उमगत नाही.

मिरवणुकीनंतर खाशाबांनी काय केले, तेही सांगायला हवे. कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः लढले आणि त्या पैशातून सरांचे कर्ज फेडले.