कोटीतीर्थावरचे आबालाल

स्मरणिका समितीने माझ्याकडे लेख मागितला तेव्हा बँकेतल्या आठवणी लिहा, असं सुचवलं होतं. पण थकीत कर्जांच्या गोष्टी रौप्यमहोत्सवाच्या अंकात कोण वाचणार? त्यापेक्षा ज्या माणसाचा हिशोब मला आजवर जुळलेला नाही, त्याच्याविषयीच लिहितो. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान.

नोकरीत माझी तीन वर्षं कोल्हापूरला बदली होती. मुलांच्या शाळा असल्यामुळे कुटुंब इकडेच, मी तिकडे एकटा. संध्याकाळी शाखेतून सुटलो की रंकाळ्यावर चक्कर ठरलेली. आमचे हेड कॅशियर हौशी गृहस्थ. एका रविवारी ते मला भाऊसिंगजी रोडवरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये घेऊन गेले. आबालाल हे नाव मी तिथे पहिल्यांदा वाचलं. त्यानंतर तीन वर्षांत किती वेळा गेलो, ते मोजलं नाही.

आबालाल यांचा जन्म सत्तावन्नच्या बंडाच्या आसपासचा, कोल्हापूरचा. घराणं मुसलमान, कुराणाच्या पोथ्या सुंदर अक्षरात लिहिणारं. म्हणजे बोरू आणि शाई घरातच. अक्षराचं वळण गिरवता गिरवता मुलगा चित्रं काढू लागला. इंग्रज रेसिडेंटच्या मडमेच्या नजरेस ती चित्रं पडली आणि मुंबईची वाट उघडली, अशी हकिगत कोल्हापुरात सांगतात.

१८८० नंतरची सात-आठ वर्षं त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये काढली. तेव्हा तिथे ग्रिफिथ्स साहेबांचा अंमल होता. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला विद्यार्थ्यांकडून करवून घेणारे ते हेच. शिक्षण विलायती पद्धतीचं. ग्रीक-रोमन पुतळ्यांचे प्लास्टरचे नमुने समोर ठेवायचे आणि कोळशाच्या कांडीने त्यांची छाया-प्रकाशासकट हुबेहूब चित्रं काढायची. एकेका पुतळ्यावर आठवडेच्या आठवडे. हाताला शिस्त लावणारं काम. आमच्याकडे नव्या माणसाला आधी लेजर लिहायला बसवत, तसंच म्हणा ना. आबालाल त्यात इतके तयार झाले की १८८८ साली त्यांना व्हाइसरॉयचं पदक मिळालं. व्यक्तिचित्र असो की निसर्गचित्र, पेन्सिल, कोळसा, जलरंग, तैलरंग, सगळ्यांवर हात बसलेला.

आता इथे मुंबईत राहिले असते तर? ही कल्पनेतली गोष्ट नाही. त्यांच्या पाठोपाठ, १८९० साली, कोल्हापूरचाच एक तरुण जे. जे.त दाखल झाला. महादेव विश्वनाथ धुरंधर. ते तिथेच शिक्षक झाले, चढत चढत मोठ्या हुद्द्यावर गेले, रावबहादूर झाले, त्यांची चित्रं घराघरात पोचली. पुढे आपल्या जे. जे.तल्या एक्केचाळीस वर्षांवर त्यांनी पुस्तकही लिहिलं. आबालाल मात्र पदक घेऊन कोल्हापूरला परतले आणि कोल्हापूरचेच झाले.

त्या वेळी शाहू महाराज चौदा वर्षांचे, राजकोटच्या कॉलेजात शिकत होते. राज्याधिकार हाती आला तो १८९४ साली. म्हणजे मधली काही वर्षं या पदकवाल्या चित्रकाराने कशी काढली असतील, त्याची कल्पनाच केलेली बरी. महाराज आले आणि दिवस पालटले. महाराजांनी पैलवान पोसले, गवई पोसले. अल्लादिया खाँसाहेबांना दरबारात आणलं, आबालालना दरबारचे चित्रकार केलं. महाराजांची नजर अशी की माणसाच्या जातीधर्माकडे जायची नाही, गुणाकडे जायची.

पण दरबारी चित्रकार म्हटल्यावर जो थाट डोळ्यांसमोर येतो, तो इथे नव्हता. आबालाल राहायचे कोटीतीर्थ तळ्याच्या काठी, गावाच्या पूर्वेला. संसार केला नाही, राहणी फकिराची. १९०६ साली त्याच तळ्याच्या काठावर शाहू मिल उभी राहिली. इकडे कापसाची गिरणी, तिकडे हा माणूस पाण्याकडे बघत बसलेला. रंग विकत आणायला पैसे नसले की झाडपाला, माती, दगड कुटून घरीच रंग करायचे, असं जुने लोक सांगतात.

आणि चित्रं कसली काढायचे? तर कोटीतीर्थ, पंचगंगेचा घाट, रंकाळा, रंकाळ्यातला दगडी संध्यामठ. त्याच जागा, पुन्हा पुन्हा. सकाळी एकदा, दुपारी एकदा, दिवस मावळताना एकदा. त्यांना जागा रंगवायची नव्हतीच, उजेड रंगवायचा होता, असं मला वाटतं. फ्रान्समध्ये त्याच काळात काही चित्रकार हेच करत होते आणि त्यांची नावं आज जगभर घेतली जातात. आमचे आबालाल कोल्हापूर सोडून कुठे गेले नाहीत. रंगांचे छोटे छोटे ठिपके शेजारी शेजारी ठेवून लांबून पाणी चमकल्यासारखं दिसावं, ही युक्ती त्यांनी आपल्या तळ्याकाठी बसून साधली.

निवृत्तीनंतर मी जलरंगांचा क्लास लावला होता. (सौ.चं मत, कागद फार खर्च झाला.) झाड जमतं, घर जमतं, पाणी काही कागदावर उतरत नाही. निळं फडकं वाळत घातल्यासारखं दिसतं. तेव्हापासून आबालाल यांच्या पाण्याबद्दल माझा आदर दुप्पट झाला.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराज मुंबईत गेले. वय अवघं सत्तेचाळीस. अल्लादिया खाँसाहेबांनी त्यानंतर कोल्हापूर सोडून मुंबई गाठली. आबालाल यांनी काय केलं? कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत की, महाराज गेल्याच्या दुःखात त्यांनी आपली चित्रं उचलली आणि तळ्यात टाकून दिली. हजारोंनी. आकडा ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळा. पण त्यांची फार थोडी चित्रं आज उरली आहेत, एवढं खरं.

ही गोष्ट भक्तीची म्हणून सांगतात. धन्याबरोबर चाकराने आपलं सर्वस्व पाण्यात सोडलं, वगैरे. हेड कॅशियरनीही मला तशीच सांगितली, डोळ्यांत पाणी आणून. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, पण मला ती तशी पटलेली नाही. सगळा धंदा एकाच गिऱ्हाइकावर चालत असेल तर ते गिऱ्हाईक गेल्यावर काय होतं, हे मी टेबलाच्या या बाजूने पुष्कळ पाहिलं आहे. साठी ओलांडलेला एकटा माणूस. त्याची चित्रं समजणारा, विचारणारा माणूस गावात एकच, आणि तो राजा. तो गेला. आता ही चित्रं दाखवायची कोणाला? ठेवायची कुठे? मला त्यात भक्तीपेक्षा हताशपणा जास्त दिसतो. आणि एवढ्या वर्षांत दरबारातल्या कुणाला एक साधी यादीसुद्धा करावीशी वाटली नाही, याचा राग येतो. आमच्याकडे खुर्च्यांवरसुद्धा नंबर टाकलेले असायचे.

अर्थात समजणारा एकच होता, हे माझं म्हणणं पुरतं खरं नाही. गावात आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे मेस्त्री बंधू होते. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता ज्यांनी पुढे सिनेमाचा कॅमेरा घरी बनवला, तेच. त्यांच्या पिढीने आबालालना गुरुस्थानी मानलं. कोल्हापूरच्या चित्रकारांना उघड्यावर बसून रंगवायचा जो नाद आहे, तो तिथून आलेला. पण आनंदराव १९१६ सालीच गेले आणि बाबूराव महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या व्यापात गुंतले. महाराज गेल्यावर आबालाल आणखी नऊ वर्षं जगले. २८ डिसेंबर १९३१ रोजी कोल्हापुरातच वारले.

काही वर्षांपूर्वी एका लग्नासाठी कोल्हापूरला गेलो होतो. हेड कॅशियर आता नाहीत. लग्न आटोपून एकटाच रंकाळ्यावर गेलो. समोर शालिनी पॅलेस होता. त्याचं बांधकाम आबालाल गेले त्याच सुमाराला सुरू झालेलं. म्हणजे त्यांच्या रंकाळ्यात तो नाहीच, नुसतं पाणी, संध्यामठ आणि पलीकडची शेतं. भेळेच्या गाड्यांकडे पाठ करून, पॅलेस दिसणार नाही असा कोपरा शोधत मी बराच वेळ काठाने हिंडलो. एके ठिकाणी सापडला. तिथे दिवस मावळेपर्यंत बसलो, आणि मग रात्रीची गाडी पकडली.