महालनोबिस : गणित आणि गृहीतके

दरवर्षी २९ जून हा दिवस भारतात सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. २००७ पासून ही प्रथा सुरू झाली. प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा हा जन्मदिवस. पदवी परीक्षेसाठी अर्थशास्त्र घेणाऱ्या विद्यार्थ्याला हे नाव दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या प्रकरणात भेटते, आणि बहुधा तेथेच त्याचा निरोपही घेतला जातो. जड उद्योगांवर भर देणारे प्रतिमान, त्याचे चार गुण, चार दोष, की उत्तर संपले. परंतु पूर, पीक, दुष्काळ, दारिद्र्य आणि अखेर एका संपूर्ण देशाची अर्थव्यवस्था यांना गणिताच्या चौकटीत बसविण्याचा ध्यास घेतलेल्या या माणसाचे चरित्र चार गुणदोषांत मावणारे नाही. त्या ध्यासाने काय साधले आणि तो कोठे अपुरा पडला, हा प्रश्न आजही शिळा झालेला नाही.

महालनोबिस यांचा जन्म १८९३ मध्ये कलकत्त्यात एका सुखवस्तू ब्राह्मो कुटुंबात झाला. प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन ते १९१३ मध्ये लंडनला गेले. केंब्रिज पाहण्यासाठी म्हणून ते एक दिवस तेथे गेले, परतीची गाडी चुकली, आणि मुक्काम करावा लागला. किंग्ज कॉलेजच्या प्रार्थनामंदिराने त्यांना इतकी भुरळ घातली की त्यांनी लंडनचा बेत सोडून तेथेच प्रवेश घेतला. रामानुजन त्या काळी केंब्रिजमध्येच होते आणि दोघांचा स्नेह जमला. १९१५ मध्ये शिक्षण संपवून मायदेशी निघताना एका अध्यापकाने त्यांना ‘बायोमेट्रिका’ हे संख्याशास्त्राचे नियतकालिक दाखविले. महालनोबिस यांनी त्याचे सर्व खंड विकत घेतले आणि बोटीवर वाचून काढले. पदार्थविज्ञानाचा हा पदवीधर कलकत्त्याच्या धक्क्यावर उतरला तेव्हा त्याच्या मनात एक नवे शास्त्र घर करून बसले होते.

कलकत्त्यात ते प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागले. १९२० मध्ये भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन नागपूरला भरले. तेथे प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनन्डेल यांच्याशी त्यांची गाठ पडली. कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापनाची आकडेवारी ॲनन्डेल यांच्याजवळ पडून होती. तिचे विश्लेषण त्यांनी महालनोबिस यांच्यावर सोपविले. दोन मानवसमूह एकमेकांपासून किती वेगळे आहेत हे एका मापावरून नव्हे, तर परस्परांशी निगडित असलेल्या अनेक मापांवरून एकत्रितपणे कसे ठरवावे, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. १९३६ मध्ये त्यांनी त्याचे पूर्ण उत्तर मांडले. आज जगभर ‘महालनोबिस अंतर’ या नावाने ओळखले जाणारे सूत्र ते हेच. त्याची सुरुवात नागपूरच्या त्या भेटीत आहे.

नद्या आणि तागाची शेते

गणित वह्यांतून बाहेर काढून लोकांच्या संकटांना भिडविण्याची संधी त्यांना पुरांनी दिली. १९२२ मध्ये उत्तर बंगालमध्ये मोठा पूर आला. पाणी अडवून धरण्यासाठी खर्चिक जलाशय बांधावेत, असे अभियंत्यांचे मत पडले. महालनोबिस यांनी पन्नास वर्षांच्या पावसाच्या आणि पुरांच्या नोंदी तपासून दाखवून दिले की अशा जलाशयांचा उपयोग होणार नाही. गरज आहे ती पाण्याचा निचरा जलद होण्याची. १९२६ मध्ये ओरिसात ब्राह्मणी नदीला पूर आला, तेव्हा नदीचे पात्र उंचावले आहे, म्हणून बांध उंच करावेत, असा तज्ज्ञांचा समज होता. साठ वर्षांच्या नोंदींवरून महालनोबिस यांनी दाखविले की पात्र उंचावलेले नाही. पूर येतो तो वरच्या खोऱ्यातील अतिवृष्टीमुळे, आणि खरा उपाय वरच्या अंगाला धरणे बांधण्याचा आहे. पुढे महानदीवर हिराकूड धरण उभे राहिले, त्यामागील विचारात या अभ्यासाचा वाटा आहे.

१९३१ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्थेची स्थापना केली. प्रेसिडेन्सी कॉलेजातील त्यांच्या प्रयोगशाळेच्या एका खोलीत ती सुरू झाली, आणि पहिल्या वर्षाचा तिचा खर्च अडीचशे रुपयांच्या आत होता. १९३३ मध्ये संस्थेने ‘संख्या’ हे नियतकालिक काढले.

तागाचे पीक हा बंगालच्या अर्थकारणाचा कणा होता. पेरा किती आणि पीक किती येणार, यावर बाजारभाव आणि लाखो शेतकऱ्यांचे भवितव्य अवलंबून असे. सरकारी अंदाज मात्र गावकामगारांच्या अनुमानावर चालत. प्रत्येक शेत मोजणे हा एक मार्ग होता. महालनोबिस यांनी दुसरा मार्ग धरला : यदृच्छेने निवडलेली थोडी शेते काळजीपूर्वक मोजायची आणि त्यावरून संपूर्ण प्रांताचा अंदाज बांधायचा. १९३७ पासून काही वर्षे प्रयोग करून त्यांनी ही पद्धत सिद्ध केली. संपूर्ण गणनेच्या तुलनेत तिला खर्च फारच थोडा आला आणि तिचे आकडे व्यापाराच्या प्रत्यक्ष आकड्यांशी अधिक जुळले. याचे कारण ध्यानात घेण्याजोगे आहे. हजारो अर्धशिक्षित गणकांकडून लाखो शेते मोजून घेताना ज्या चुका साचतात, त्या नमुना थोडा ठेवल्यानेच आटोक्यात राहतात.

त्यांनी आणखी एक युक्ती योजली. एकाच प्रदेशात दोन स्वतंत्र नमुने घ्यायचे आणि ते दोन वेगळ्या पथकांकडून मोजून घ्यायचे. दोघांचे निष्कर्ष जुळले तर विश्वास ठेवायचा. न जुळले तर कोठे तरी चूक आहे हे उघड झाले. आपल्या आकड्यांतील दोष आकड्यांनीच दाखवून द्यावा, अशी ही व्यवस्था होती. महालनोबिस यांच्या शास्त्रीय वृत्तीचा हा सर्वांत उजळ भाग म्हटला पाहिजे.

तरीही वाद झाले. पीक कापून पाहण्यासाठी ते अगदी लहान तुकडे निवडत. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे आणि पुढे जागतिक कीर्तीचे संख्याशास्त्रज्ञ झालेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी याला आक्षेप घेतला. तुकडा लहान असला की सीमेवरची रोपे आत धरली जातात आणि उत्पन्न फुगते, असे त्यांनी प्रयोगांनी दाखविले. पथके नीट शिकविली तर ही चूक टळते, असे महालनोबिस यांचे म्हणणे. वाद कडवट झाला, तरी त्यातून देशातील पीक पाहणीची पद्धत अधिक पक्की झाली.

चार क्षेत्रांची समीकरणे

स्वातंत्र्यानंतर महालनोबिस दिल्लीच्या वर्तुळात आले. १९४९ मध्ये ते मंत्रिमंडळाचे सांख्यिकी सल्लागार झाले. त्याच वर्षी नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीचे ते अध्यक्ष होते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव हे सदस्य होते. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. देशातील साडेपाच लाखांवर खेड्यांतून सुमारे अठराशे खेडी निवडून तेथील कुटुंबे काय खातात, काय नेसतात, किती कमावतात याची विचारपूस करणारे हे काम जगात त्या प्रमाणावर पूर्वी क्वचितच कोणी केले होते. गरिबी हा भाषणाचा विषय होता. या पाहणीने तो मोजण्याचा विषय झाला.

आता देशाचे आर्थिक भवितव्यच समीकरणात मांडण्याची वेळ आली. १९५३ मध्ये त्यांनी दोन क्षेत्रांचे प्रतिमान मांडले. गुंतवणुकीचा एक भाग यंत्रे बनविणारी यंत्रे तयार करण्याकडे जातो, उरलेला लोकांच्या नित्याच्या वस्तूंकडे. पहिला भाग मोठा ठेवला तर आरंभी कापड, धान्य, साखर यांची वाढ मंदावते. परंतु काही वर्षांनी यंत्रांची संख्याच वाढलेली असल्यामुळे उपभोग्य वस्तूंची वाढही वेग घेते. रशियात फेल्डमन यांनी १९२८ मध्ये अशाच स्वरूपाची मांडणी केली होती. या प्रतिमानात एक गृहीतक दडलेले होते : देशाला यंत्रे बाहेरून विकत आणता येणार नाहीत, कारण निर्यात वाढणार नाही.

१९५५ मध्ये चार क्षेत्रांचे प्रतिमान आले आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये योजनेचा आराखडा. एकूण गुंतवणूक ५६०० कोटी रुपये, राष्ट्रीय उत्पन्नाची वाढ दरसाल ५ टक्के आणि नवे रोजगार १ कोटी १० लाख, अशी तीन उद्दिष्टे धरलेली होती. एका माणसाला काम देण्यासाठी भांडवली उद्योगात २०,००० रुपये लागतील, कारखान्यांतील उपभोग्य वस्तूंच्या उत्पादनात ८७५०, सेवांमध्ये ३७५० आणि शेतीसह घरगुती उद्योगांत अवघे २५००, असे धरून पैसा कोठे किती घालावा हे काढले गेले.

येथे थोडे थांबून हिशेब पाहिला पाहिजे. अज्ञाते चार आणि समीकरणे तीन, म्हणजे गणित एकटे उत्तर देऊ शकत नव्हते. भांडवली उद्योगांचा एकतृतीयांश वाटा आधीच ठरविला गेला, आणि मग उरलेले तीन वाटे समीकरणांतून निघाले : १७, २१ आणि २९ टक्के. योजनेतील सर्वांत वादग्रस्त आकडा हा गणिताचा निष्कर्ष नव्हता. तो धोरणाचा निर्णय होता. आणखी एक गोष्ट. शेती व घरगुती उद्योगांना २१ टक्के पैसा मिळणार होता, पण त्यातील प्रत्येक रुपया सव्वा रुपयाचे उत्पन्न वाढवील असे धरले होते. त्यावरून हिशेब केला तर उत्पन्नातील वाढीपैकी जवळजवळ निम्मी आणि नव्या रोजगारापैकी पाचात दोनांहून अधिक भार याच क्षेत्रावर येत होता. नाव जड उद्योगांचे झाले. योजनेचा तोल मात्र शेतकरी आणि विणकर यांच्याकडून धरलेल्या अपेक्षेवर उभा होता.

इशारा देणारे होते. बी. आर. शेणॉय यांनी १९५५ मध्येच भिन्नमतपत्रिका जोडून तुटीच्या अर्थभरण्याचा धोका सांगितला. मुंबई विद्यापीठातील चं. ना. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी १९५६ मध्ये आपला पर्याय मांडला. पोलाद कारखान्यावर कामाला लावलेला मजूर पोलाद खात नाही. त्याला धान्य व कापड लागते. या वेतनवस्तू वाढल्या नाहीत तर रोजगारही वाढणार नाही आणि किमती मात्र वाढतील, हे त्यांचे म्हणणे होते.

दुसरी योजना १९५६ मध्ये सुरू झाली. सार्वजनिक क्षेत्राचा खर्च ४८०० कोटी रुपयांचा ठरला. भिलाई, राउरकेला, दुर्गापूर येथे पोलाद कारखाने उभे राहिले. पण वर्ष-दीड वर्षातच परकीय चलनाची गंगाजळी आटली आणि योजनेला कात्री लावावी लागली. १९५६ मध्येच अमेरिकेशी धान्याचा करार करावा लागला. पाच वर्षांत किमती सुमारे ३० टक्क्यांनी चढल्या. पुढे १९६५ ते १९६७ च्या अवर्षणांनी शेतीकडील दुर्लक्षाची किंमत वसूल केली, आणि १९६६ नंतर तीन वर्षे पंचवार्षिक योजनाच थांबली.

यावरून महालनोबिस यांना केवळ अपयशाचे धनी ठरविणे अन्यायाचे होईल. देशात यंत्रनिर्मितीचा पाया त्या काळात घातला गेला, हे त्यांचे टीकाकारही नाकारत नाहीत. शिवाय वाढीचा लाभ कोणाला मिळाला, हे तपासण्यासाठी १९६० मध्ये शासनाने नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्यांनीच स्वीकारले, आणि १९६४ च्या तिच्या अहवालात आर्थिक सत्ता थोड्या हातांत एकवटत असल्याचे मांडले गेले. ज्या योजनेची चौकट आपण आखली, तिच्या परिणामांची झडती घेण्यास ते कचरले नाहीत.

तरीही एक विसंगती डोळ्यांआड करता येत नाही. तागाच्या शेतात दोन पथकांकडून एकच माप घेऊन स्वतःची चूक शोधणारा हा संशोधक, राष्ट्राच्या योजनेत मात्र एकाच प्रतिमानावर विसंबला. भिन्नमतपत्रिका आणि मुंबईच्या अर्थशास्त्रज्ञांचे पुस्तक हे त्या प्रतिमानाला मिळालेले दुसरे पथकच होते. दोन्हींचे निष्कर्ष जुळत नव्हते. कोठे तरी चूक आहे, हे त्यांच्याच पद्धतीने १९५६ मध्ये उघड झाले होते. ते मानले गेले नाही.

महालनोबिस २८ जून १९७२ रोजी वारले. दुसऱ्या दिवशी त्यांना एकोणऐंशी वर्षे पूर्ण झाली असती. त्यांची समीकरणे इतिहासजमा झाली; नियोजन मंडळही २०१५ च्या आरंभी नव्या संस्थेला जागा देऊन गेले. टिकून राहिली ती नमुना पाहणी. २०१७-१८ च्या उपभोगखर्च पाहणीचे निष्कर्ष दर्जाचे कारण देऊन शासनाने प्रसिद्ध केले नाहीत, आणि दशकभराहून अधिक काळ देशातील गरिबीविषयी ताजा, सर्वमान्य आकडा उरला नाही. २०२२-२३ च्या पाहणीचे निष्कर्ष आले ते २०२४ मध्ये. आकडे सदोष असतील तर ते दोषांसह लोकांपुढे ठेवावेत आणि दुसऱ्या पथकाला मोजू द्यावे, हा तागाच्या शेतातला धडा. तो महालनोबिस यांनी स्वतः एकदा बाजूला ठेवला आणि त्याची किंमत देशाने मोजली. त्यांच्या जन्मदिनी सांख्यिकी दिन पाळणाऱ्या शासनाने तरी तो विसरू नये.