रेजिनाल्ड पनेट : चौकोनामागचे कोंबडीवाले प्राध्यापक

रामघाटावर श्राद्धकर्मासाठी येणाऱ्या आपल्या मंडळींना तीर्थोपाध्याय जुनी वही उघडून पणजोबांचे, खापरपणजोबांचे नाव दाखवतात. कुळातील नावे अशी वहीत टिकतात. पण रंग, रूप आणि ठेवण आईकडून किती येते, बापाकडून किती, आणि कोणत्या हिशेबाने, हे सव्वाशे वर्षांपूर्वी जगात फारसे कोणाला ठाऊक नव्हते. हा हिशेब मांडायला ज्यांनी शिकवले, त्यांत रेजिनाल्ड पनेट यांचे नाव घ्यावे लागते. आपली नातवंडे बारावीच्या जीवशास्त्रात जो ‘पनेट चौकोन’ काढतात, तो यांचाच. त्यांच्या संशोधनाचा मोठा भाग कोंबड्यांवर झाला, हे मात्र थोड्यांनाच माहीत असते.

पनेट यांचा जन्म २० जून १८७५ रोजी इंग्लंडमधील केंट परगण्यात टनब्रिज येथे झाला. लहानपणी आंत्रपुच्छाच्या दुखण्याने त्यांना अंथरुणात पडून राहावे लागे. त्या काळात त्यांनी प्राणी-पक्ष्यांवरची पुस्तके वाचून काढली आणि ती गोडी कायमची लागली. केंब्रिजला ते डॉक्टर होण्यासाठी गेले, पण वळले प्राणिशास्त्राकडे.

मेंडेल या धर्मगुरूने वाटाण्यांवर केलेले प्रयोग १९०० साली विस्मृतीतून बाहेर आले होते. केंब्रिजमध्ये विल्यम बेटसन यांनी तेच नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे कोंबड्यांवर दाखवले. १९०४ च्या सुमारास पनेट त्यांना येऊन मिळाले. कोणत्या कोंबडीचे कोणते अंडे, पिल्लू कोणत्या रंगाचे, तुरा कसा, याची नोंद ठेवायची आणि पिल्ले मोजायची, असे हे चिकाटीचे काम होते.

त्यांतला एक निकाल ऐकण्यासारखा आहे. अँडलुशियन जातीच्या निळसर राखाडी कोंबड्यांना शौकिनांत फार मान होता. पण निळ्याशी निळी जोडली तरी काही पिल्ले काळी आणि काही ठिपक्यांची पांढरी निघतच. पाळणारे त्यांना भेसळ समजून बाजूला काढत. चौकोन मांडला की उलगडा होतो. निळा रंग म्हणजे एक काळा आणि एक पांढरा अंश. चार घरांत एक काळे, दोन निळी आणि एक पांढरे पडणारच. उलट टाकाऊ ठरवलेली काळी आणि पांढरी जोडली, तर सगळीच पिल्ले निळी! लोक ज्यांना भेसळ म्हणत होते, तीच खरी शुद्ध होती.

१९०८ साली एक शंका पुढे आली. प्रबळ गुण पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाऊन सगळ्या लोकसंख्येत का पसरत नाही? पनेट यांनी ती आपल्या क्रिकेटच्या सोबत्यासमोर ठेवली. हे सोबती म्हणजे पुढे रामानुजन यांना केंब्रिजला बोलावणारे गणिती हार्डी. त्यांनी दिलेले उत्तर आज हार्डी-वाईनबर्ग नियम म्हणून शिकवतात. १९१० मध्ये पनेट प्राध्यापक झाले आणि १९१२ मध्ये केंब्रिजच्या आनुवंशिकी अध्यासनाचे पहिले मानकरी.

मग पहिले महायुद्ध आले. ब्रिटनमध्ये अन्नाची टंचाई होती आणि कोंबड्यांनाही दाणा लागतो. अंडी देणाऱ्या जातीतले नर पिल्लू दाणा खाते, अंडे देत नाही. पण अंड्यातून निघताच नर-मादी ओळखायची कशी? पनेट यांनी पिसांच्या रंगाचा उपाय सुचवला. पक्ष्यांत एक वैशिष्ट्य आहे. आई आपले एक विशिष्ट गुणसूत्र फक्त मुलांना देते; मुलींना ते बापाकडूनच मिळते. सोनेरी-रुपेरी रंगाचा जनुक याच गुणसूत्रावर असतो. म्हणून सोनेरी कोंबडा आणि रुपेरी कोंबडी जोडली की नर पिल्ले फिकट रुपेरी आणि माद्या सोनेरी निघतात. पहिल्या दिवशीच वर्गवारी होते.

मात्र ही युक्ती एकाच पिढीपुरती. दरवेळी दोन वेगळ्या जाती लागतात. म्हणून पनेट यांनी मायकेल पीज यांच्यासह १९३० च्या सुमारास ‘कँबार’ नावाची जातच तयार केली. तिच्यात पिल्लांच्या लवेवरून नर-मादी पिढ्यान्‌पिढ्या ओळखता येतात. तत्पूर्वी १९२३ साली कोंबड्यांच्या आनुवंशिकतेवर त्यांचे पुस्तक आले होते. १९४० मध्ये ते निवृत्त झाले आणि ३ जानेवारी १९६७ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, सॉमरसेटमध्ये वारले.

त्यांचा वारसा आपल्यापर्यंत दोन वाटांनी पोहोचतो. बेटसन आणि पनेट यांनी १९१० मध्ये आनुवंशिकीचे एक नियतकालिक काढले होते. पनेट यांच्यानंतर ते हाल्डेन यांच्याकडे गेले आणि १९५७ साली त्यांच्याबरोबर भारतात आले. हाल्डेन यांच्या पश्चात ते सांभाळणाऱ्यांत सुरेश जयकर आणि माधव गाडगीळ ही मराठी नावे होती. आज ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीतर्फे निघते.

दुसरी वाट माळव्याला लागून असलेल्या झाबुआची. त्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात बेटसन-पनेट यांचा सिल्की कोंबडीवर लेख आहे. सिल्कीची पिसे पांढरी असली तरी कातडी काळी असते. झाबुआच्या भिल्ल-भिलाला कुटुंबांनी जपलेल्या आणि २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कडकनाथचा काळेपणाही त्याच जनुकीय बदलातून येतो. सिल्की कोंबडा आणि तपकिरी लेगहॉर्न कोंबडी यांच्या संकरात नर फिकट निघाले, पण माद्या सिल्कीसारख्याच काळ्या. कारण काळेपणा दाबणारा लेगहॉर्न आईचा जनुक फक्त मुलांना मिळाला.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. काळी कोंबडी दिसली म्हणजे ती शुद्ध कडकनाथ असेलच असे नाही. ती अर्धी संकरितही असू शकते. ती फसगत पुढच्या पिढीत, फिकट पिल्ले निघाल्यावर, कळते. तोवर पैसे आणि दाणा दोन्ही गेलेले असतात. पिढ्यान्‌पिढ्या जात राखणाऱ्यांच्या मालाचा भावही त्यात पडतो. बँकेत असताना ‘शुद्ध कडकनाथ’ एवढेच लिहिलेले कर्जाचे प्रस्ताव माझ्या टेबलावरून गेले आहेत. शेतीसाठी कर्ज देताना आपण खसरा-खतौनी मागतो. पक्ष्यांसाठी आईबापांची नोंद मागायला हवी. पनेट यांनी जन्मभर तीच ठेवली.